डावा खडा

३ फेब्रुवारी
माझ्या कपाटाचा खालचा कप्पा नातीने बळकावला. प्रयोगशाळेत पंप थरथरतो, तिथे खडा, म्हणजे स्फटिक, धरत नाही म्हणे. तीन कुप्या ठेवल्यात. झाडाच्या पोतंभर सालीतून एवढंच आम्ल निघालं. "आजी, दार उघडायचं नाही. जवळ शिंकायचंसुद्धा नाही." कपडे सगळे आत. दोन जोडांवर दिवस काढते आहे.

२१ फेब्रुवारी
एका कुपीत खडा धरला. मिठाच्या कणाएवढा. यासाठी चार वर्षं!

२२ फेब्रुवारी
त्यात बघायचंय तरी काय, विचारलं. तिने त्या आम्लाच्या रेणूचे गोळ्या-काड्यांचे दोन सांगाडे पुढ्यात ठेवले. "एकावर एक बसवून दाखव." तासभर झटले. बसत नाहीत. माल तोच, पण एक डावा, एक उजवा – हातमोज्यांसारखे. पांढरा गोळा मागे धरायचा. लाल, काळा, निळा घड्याळासारखे फिरले तर उजवा, उलटे तर डावा. सालीतला कुठला, ते क्ष-किरणांचं मशीन सांगणार.
तिचे सर – मी मिशाळ म्हणते – वीस वर्षांपूर्वीच उजवा म्हणून छापून मोकळा झालाय. खडा न बघता, अंदाजाने. सगळं नाव त्यावर उभं.

५ मार्च
डावा निघाला. खडा मशीनमध्येच तडकला, पण माप मिळालं.

६ मार्च
मिशाळ म्हणाला, "म्हातारीच्या कपाटात वाढवलेला खडा! कोण विश्वास ठेवील? प्रबंधात उजवा लिही, नाहीतर माझी सही विसर."
मी डावखुरी. वडील डावा हात पाठीशी बांधून पाटी पुढे ठेवायचे. दुसरीत शाळा सुटली. अक्षर अजून कोंबडीने उकरल्यासारखं.
पोरीला म्हटलं, मुळीच लिहू नकोस. "तुला काय जातंय बोलायला, आजी?"

१९ मार्च
प्रबंध छापायला गेला. काय लिहिलंस?
"जे लिहायचं ते." मान खाली.
कळलं मला. शेपूट घातली. बापावर गेली – माझाच मुलगा, साहेबापुढे कधी ब्र काढला नाही त्याने.

२० मार्च
बोलत नाही तिच्याशी. ताट आपटून वाढते.

२ एप्रिल
कपाट रिकामं केलं. खोटं छापून झालं, आता कुप्या कशाला? एकीच्या तळाशी गव्हाएवढा खडा होता, चांगला लखलखीत. दोन्ही मोरीत ओतल्या. वर गरम पाणी. कपडे परत लावले. हायसं वाटलं.

९ एप्रिल
प्रबंध घरी आला. ती आंघोळीला गेल्यावर चित्राचं पान काढलं, सांगाडा शेजारी धरला. पांढरा मागे. लाल, काळा, निळा – घड्याळाच्या उलटे. पुन्हा बघितलं. उलटेच. मिशाळच्या सहीची जागा कोरी.
ती केस पुसत आली. "परीक्षक बाहेरचे आहेत, आजी. दुसरा खडा स्वतः तपासणार, मग मिशाळची सही नको. कुप्या काढून दे ना."
किती दिवसांनी आजी म्हणाली.
मी कपाट उघडलं. आत माझे कपडे होते, नीट घड्या घातलेले.