आधी क, मग वेलांटी

आई, काल कर्जतला तुझ्या शाळेत गेले होते. तिथल्या बाईंना तू गणिताची कडक शिक्षिका म्हणून आठवतेस. त्याआधी तू मुंबईच्या एका संशोधन संस्थेत कॉम्प्युटरला मराठी लिहायला शिकवत होतीस, हे मी सांगितलं तेव्हा त्या "हो का?" म्हणाल्या आणि मला चहा विचारला. बाहेर पडले तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय.

भिवपुरीच्या क्वार्टर्समधलं आपलं स्वयंपाकघर. बाबा वीजकेंद्रात ड्यूटीवर गेलेत, तू भाकरी थापतेयस आणि मी खाली बसून 'किल्ला' लिहितेय. तुझा हात थांबतो. "आधी वेलांटी काढलीस. म्हणताना आधी काय म्हणतेस?" मी म्हणते, "क." "म्हणजे हात एक करतो, तोंड दुसरं. यंत्रानं कुणाचं ऐकायचं?" मी थोडा विचार करून म्हणते, "तोंडाचं." तू किती खूश झालीस. तुझं सगळं काम त्या एका उत्तरात होतं, हे मला फार उशिरा कळलं. माणसानं बोलतो त्या क्रमानं कळा दाबाव्यात. वेलांटी कुठे बसवायची, जोडाक्षर कसं जुळवायचं, ही काळजी यंत्राची. यंत्रं इंग्रजी अक्षरांपुरतीच बनत होती, तेव्हा तू हे म्हणत होतीस.

एका सुट्टीत तू मला संस्थेत नेलंस. चपला बाहेर काढायच्या, आत गारठा. पडद्यावर हिरव्या ठिपक्यांतून माझं नाव उमटलं आणि मी बघतच राहिले. तेवढ्यात तुमचे साहेब आले. "बाई, काम सुंदर आहे, पण कॉम्प्युटरमधली जागा फार खातंय. जोडाक्षरं काढून टाका. लोकांना सवय होईल."

तू शांतपणे म्हणालीस, "साहेब, माझ्या आजोबांना शाळेच्या पायरीवर उभं राहू दिलं नाही. आमच्या घरात अक्षर फार उशिरा आलंय. ते मोडून मी पुढे देणार नाही."

साहेब माणूस वाईट नव्हते. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते गेले. पण काम दुसऱ्या गटाकडे गेलं, तुला एका कोपऱ्यातलं टेबल मिळालं, आणि काही दिवसांनी तू राजीनामा दिलास.

त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, "खरं सांग, वाईट वाटतंय का नाय?"

"वाटतंय. पण आज ना उद्या कुणीतरी हे करेलच."

पुढे कॉलेजात असताना मी एकदा म्हटलं, थोडं नमतं घेतलं असतंस तर तिथेच राहिली असतीस. तुला इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "उत्तर चुकीचं आहे हे माहीत असताना पेपरात लिहिशील का?" त्यानंतर तो विषय आपल्यात निघाला नाही. तुझ्या शेवटच्या आजारपणात मी रजा टाकून उशाशी बसून होते. औषधं, पथ्य, डॉक्टर, सगळं बोललो. त्या कामाचं मी काही विचारलं नाही, तूही काढलं नाहीस. तुला बोलायचं होतं का, हे आता कुणाला विचारू?

बाबा पळसदरीला राहतात. मागच्या वर्षी त्यांना नवा फोन दिला. त्यांनी क दाबला, मग वेलांटी दाबली, आणि वेलांटी आपोआप क-च्या आधी जाऊन बसली. ते म्हणाले, "तुजी आय म्हनायची तसंच करतंय गं ह्ये." कुणीतरी केलं, आई. कोणी, ते मला माहीत नाही. तू नव्हतीस, एवढं माहीत आहे.

बाबा आता रोज दुपारी, मी साजगावला माझ्या ऑफिसात असताना, मला मराठीत मेसेज करतात, सगळी जोडाक्षरं नीट लावून. मी उत्तर इंग्रजी अक्षरांत देते. घाईत असते, असं त्यांना सांगते. खरं म्हणजे मराठी टाइप करायला मी कधी शिकलेच नाही. हेसुद्धा पेनानंच लिहिलंय.