टाच

प्रिय चिमणे,

तू माझ्या पाठीमागे रेकॉर्डिंगवाल्याला फोन केलास, हे मला पियानोवाल्याकडून कळलं. आईचा आवाज राहिला नाही, तिचं हसं होईल, थांबवा, असं म्हणालीस म्हणे. माझी काळजी वाटत होती तर माझ्या तोंडावर बोलायचं होतंस. चाळीस वर्षं सोल संगीत गायले, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले, म्हणून काय माझी वाचा गेली?

आता ऐक. या रेकॉर्डवर जॅझची जुनी संथ गाणी आहेत, आठ. सोल मी अंगावर घेऊन गायचे. इथे शब्द नुसता ठेवायचा, काठोकाठ भरलेला कप ठेवावा तसा. पहिल्याच दिवशी फजिती झाली. तालावर टाच आपटायची माझी खोड तुला ठाऊक आहे; माइकने आवाजाआधी तीच पकडली. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, बाई, कुणीतरी दार ठोठावतंय. मग मला अनवाणी, घडी घातलेल्या घोंगडीवर उभं केलं. कॉन्व्हेंटात गाण्याच्या सिस्टरनेही याच गुन्ह्यासाठी मला बूट काढून मागच्या रांगेत धाडलं होतं. म्हणजे साठ वर्षांत माझी प्रगती शून्य.

सात गाणी तशीच झाली. वरचे सूर लागत नाहीत, हे मला तुझ्याआधी कळलंय, म्हणून दोन पट्ट्या खाली गायले. तिथे आवाज खरखरतो. खरखरू दे. ही सगळी सोडून गेलेल्या माणसांची गाणी. ती काय विशीतल्या पोरींनी गायची?

आठव्या गाण्याला मात्र मी घोंगडी पायाने बाजूला सारली आणि बूट घातले. रेकॉर्डिंगवाल्याने कपाळाला हात लावला. पियानोवाल्याने सरळ सूर धरला, कारण त्याला आठवत होतं. लहानपणी दुपारच्या तालमीत तू त्याच्या पियानोखाली झोपायचीस, याच गाण्यावर, आणि माझी टाच थांबली की रडत उठायचीस.

शुक्रवारी रेकॉर्ड छापायला जाईल. हे पत्र परवानगीसाठी नाही. सोबत त्या एका गाण्याची प्रत आहे. ऐकून लाज वाटली तर तेवढं काढून टाकीन. बाकीच्या सातांना कुणी हात लावायचा नाही. पण शेवटपर्यंत ऐक. टाच थांबल्यावर तुझं काय होतं, ते फोन करून सांग. मला. रेकॉर्डिंगवाल्याला नाही.

तुझीच,
बूट न काढलेली आई