मुद्दाम वाकडा सांधा

ती. बाबा,
पायांवर डोकं ठेवून लिहायला बसलोय.

इकडे सगळं ठीक आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत?

मी वेल्डिंग शिकेपर्यंत माझा अर्धा पगार सरकार मालकाला देतं. शिकून झालं की सगळा पगार त्याच्या खिशातून जातो, म्हणून आधीच्या दोघांना त्याने तेव्हाच नारळ दिला.

माझा हात आता बसलाय. तरी काल सांधा मुद्दाम वाकडा जोडला. उस्ताद तो निरखत राहिले, मग मालकाला ऐकू जाईल असं ओरडले, "अजून कच्चा आहेस रे!"

बाबा, जन्मभर सुतारकाम करताना तुम्ही कधी हात राखला नाहीत. आईला एवढंच सांगा, पोरगा अजून शिकतोय.

तुमचा,
धाकटा