नुसता चेहरा मागतोय तुझा मुलगा

प्रिय आक्का,

काल दुपारी तुझ्या महेशचा फोन आला. पुढच्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध. कंग्राळीच्या घरासमोर, चौकाच्या तोंडाला, तुझा मोठा फ्लेक्स लावायचा आहे. 'प्रथम पुण्यस्मरण' वर, 'देवाने आमच्यातून नेले' खाली, आणि मधे तू. त्यासाठी त्याला हसरा फोटो हवाय.

"मावशी, घरात आईचा एक बी हसरा फोटो न्हाय बघ. सगळ्यात नुसती बघत बसलीया. तुझ्या मोबाईलात तो क्लासातला हाय न्हवं, हात वर केलेला? तेवढा धाड. अंगावरचं काय ते स्टुडिओवाला बदलतोय. साडी घालून देतो म्हणालाय, डोईवर पदरासकट. मला फक्त चेहरा पायजे."

मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. देवापुढं जाऊन बसले. माळ हातात घेतली, पण नाम काही पुढं सरकेना. शेवटी माळ गोमुखीत घातली आणि आज संध्याकाळी कॅलेंडरची पाठकोरी पानं घेऊन लिहायला बसले. तुझं लग्न झाल्यावर मी बोरगावहून तुला पत्रं लिहायचे, आठवतंय? तू एकालाही उत्तर दिलं नाहीस. आताही देणार नाहीस, तेव्हा जे तोंडावर बोलायचं राहिलं ते सगळं लिहिते.

तुझा चेहरा हसायचा थांबला तेव्हा आम्हाला वाटलं, तू कशावरून तरी फुगलीयस. मी तुला विचारलंसुद्धा, "माझं काय चुकलं का गं?" तू म्हणालीस, "न्हाय की, मी आतनं हसायलोय." मग उजवा हात थरथरायला लागला, चालताना पाऊल घासायला लागलं, आवाज इतका बारीक झाला की दाजी "काय?" म्हणायचे आणि टीव्ही मोठा करायचे. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. गोळ्या वेळेवर घ्या आणि अंग हलतं ठेवा, म्हणाले. आमच्या शहापुरात देवळाच्या हॉलमध्ये अशा लोकांचा व्यायामाचा क्लास चालतो, तोही त्यांनीच सांगितला.

महेशला ते सोयीचं होतं. शहरातल्या ऑफिसला जाता जाता तुला माझ्याकडं सोडायचं, दुपारी दाजींनी रिक्षानं घेऊन जायचं. हॉल माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. मी तुझा हात धरून न्यायचे.

पहिल्या दिवशी तू दारातच अडून बसलीस. आत गोल मांडलेल्या खुर्च्या, खुर्च्यांत हात थरथरणारी माणसं, नि सगळे पुरुष. बाई म्हणजे तू एकटी. शिकवणारी पोरगी धारवाडकडची, फिजिओ. मराठी मोडकंतोडकं, आकडे मोजायची कन्नडमधून. वंदू, येरडू, मूरू. तू डोक्यावरचा पदर दातात धरून बसलीस. हात वर करा म्हटलं की पदर सावरायला एक हात खालीच. दुसऱ्या बाजूला वळा म्हटलं, तेव्हा तुझं पाऊल जागीच चिकटलं, निऱ्या टाचेखाली आल्या आणि तू आडवीच होणार होतीस. त्या पोरीनं झेप घेऊन धरली म्हणून वाचलीस.

"अज्जी, सीरे बेडरी," ती म्हणाली. साडी नको. ड्रेस घालून या. ह्या आजारात पाऊल उचलत नाही, घासतं. निऱ्यांत अडकणारच.

रस्त्यानं परत येताना तू मला म्हणालीस, "ऐकलंस काय, मला ड्रेस घाल म्हणायलीया. माझी सासू वर बसून ऐकायली आसंल."

"ऐकू देत. तिला काय खाली येऊन निऱ्या धरायच्या नाहीत."

माझ्या दोन जुन्या सुती साड्या फाडून मी तुला ड्रेस शिवला. नवं कापड कशाला आणायचं? तू लगेच टोमणा मारलास, "बरं हाय, तुझी काटकसर आता मी अंगावर घालून फिरायची." माझ्या घरात आतल्या खोलीत तू पहिल्यांदा तो घातलास आणि आरशासमोर उभी राहिलीस.

"शाली, पाय दिसायलेत गं."

"दिसावेत म्हणूनच घातलाय. दिसले तर टाकशील."

ओढणी हवीच म्हणालीस. ती मी दोन्ही खांद्यांना पिना लावून पक्की केली. मग दर खेपेला तसंच होऊन गेलं. साडीत यायचं, माझ्याकडं ड्रेस घालायचा, क्लास करून आलं की परत साडी. कुणाला सांगायचं नाही असं आपण ठरवलं नव्हतं. सांगितलंही नाही एवढंच.

आणि मग काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय आक्का, मला कुणी शिकवायला नको. जमिनीवर चिकटपट्टीच्या रेघा मारल्या होत्या, त्या ओलांडत ओलांडत तू हॉलच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला जायला लागलीस. कुणाचा पाय अडकला की ते निवृत्त कंडक्टर अण्णा खुर्चीतून ओरडायचे, "चला, दारात उभं राहू नका, आत सरका, पाठीमागं जागा हाय." एकदा ते स्वतःच अडकले, तर तू म्हणालीस, "काय कंडक्टर, डेपोतनंच गाडी बंद काय?" सगळा हॉल हसला. ती पोरगीसुद्धा, आणि तिला त्यातलं निम्मंही कळलं नव्हतं.

आवाजाचा व्यायाम असायचा शेवटी. लांबच्या माणसाला हाक मारा, असं सांगितलं होतं. कुणी "पांडुरंग" म्हणालं, कुणी नातवाचं नाव घेतलं. तू दोन्ही हात वर करून ओरडलीस, "शालेऽ, भाकरी आण गंऽ, भूक लागलीयाऽ." बोरगावच्या मळ्यात विहिरीच्या काठावरून ओरडायचीस तशी. तो आवाज तुझ्या घशात होता? दाजींना "काय?" म्हणायला लावणारी तूच ती? मी तेव्हा फोटो काढला. तोंड उघडून हसलेली, डोळे बारीक, हात वर, ओढणी एका खांद्यावरून सुटलेली. महेशला हवाय तो हाच.

आजार जाणार नव्हता, हे त्या पोरीनं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मला खोटी आशा नव्हती. पण तू चालत होतीस.

क्लासच्या कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत कंग्राळीला पोचला. महेश संध्याकाळी थेट माझ्या दारात. तू नेमकी माझ्याकडंच मुक्कामाला होतीस, आणि अंगात ड्रेसच होता. चप्पल काढायच्या आधी त्यानं सुरुवात केली.

"मावशी, ह्याच्यासाठी सोडत होतो काय मी आईला? चौकात पोरं मोबाईल दाखवून इचारायलीत, तुझी आई डान्स कवा शिकली म्हणून."

"डान्स न्हवं रे, व्यायाम हाय त्यो," मी म्हटलं.

"व्यायाम घरात हुईत न्हाय? आमचं अंगण काय लहान हाय? पाटलाच्या घरातल्या बाया ह्या वयात ड्रेस घालून चार बाप्यांत हात वर करत न्हाईत."

"तुझी बायको स्वाती ड्रेस घालून स्कूटीवरनं शाळेत शिकवायला जाती की रोज."

"ती नोकरीला जाती मावशी. तिचं वेगळं."

मी तुझ्याकडं बघितलं. आता तू बोलशील म्हणून वाट बघितली. कंडक्टरला गप्प करणारी तू. तू एवढंच म्हणालीस, "बरं बाळा." आणि आत जाऊन साडी नेसून आलीस. ड्रेस बाह्या आत घालून, नीट घडी करून माझ्या कॉटवर ठेवलास. दुकानात परत करायचं कापड ठेवावं तसा.

त्या 'बरं'चा मला अजून राग आहे आक्का. महेशपेक्षा जास्त तुझा आहे. मला सातवीनंतर शाळेतून काढायला निघाले होते तेव्हा आप्पांसमोर कोण उभं राहिलं होतं? "शालीला मॅट्रिकला बसवा, न्हाईतर मी कंग्राळीला नांदायला जात न्हाय," असं लग्न ठरलेलं असताना कोण म्हणालं होतं? आप्पांनी हातातला तांब्या आपटला तरी तू हलली नव्हतीस. मी आज हे पत्र लिहितेय ते तुझ्या त्या भांडणाच्या जिवावर. माझ्या शाळेसाठी तुला तोंड होतं. स्वतःच्या पायांसाठी नव्हतं? मुलगा म्हटला की तुम्हा बायांची जीभ कुठं जाते?

अंगण मोठं होतं, खरं आहे. पण अंगणात मोजणार कोण? रेघा मारणार कोण? तू अडकलीस तर "आत सरका" म्हणणार कोण? दाजी पेपरात, महेश ऑफिसात. दोन दिवस फिरलीस, तिसऱ्या दिवशी शेजारची म्हणाली, "पाटलीण बाई, कोंबडीगत काय फिरालाय?" संपलं. पुढं खाट, मोरी आणि स्वयंपाकघर एवढंच तुझं चालणं. मी भेटायला आले की खुर्चीत बसून असायचीस. चेहरा परत तसाच, नुसता बघत बसलेला.

स्वातीनं फोनवर रडत सांगितलं. "मावशी, आई ओट्याकडनं वळल्या, पाय जागचा हलेना, निऱ्या पायाखाली आल्या. मी हात धरूस्तर पडल्या." खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण तू परत उठलीच नाहीस. मग छातीत कफ धरला, आणि मग काहीच नाही.

पुढचं तुला माहीत नाही, ते सांगते. तू अहेव गेलीस, म्हणून माहेरचं लुगडं पहिलं पाहिजे. आपल्याला भाऊ नाही, माहेर म्हणजे मीच. खडेबाजारात धावत गेले. दुकानातल्या माणसानं हिरव्या साड्या टाकल्या आणि विचारलं, "वयाच्या बाईला काय? मग ही घ्या, हलकी हाय, पायात घोळत न्हाय." त्या बिचाऱ्याला काय माहीत. घेऊन आले, तुझ्यावर घातली. मी रीत मोडणारी नाही, तुला ठाऊक आहे. पण माझ्यामागून भावकीतल्या, शेजारच्या, महेशच्या ऑफिसातल्या बायकांनी एकीवर एक साड्या घातल्या. ढीग झाला. तुझे पाय दिसेनासे झाले. "नशीबवान गं, कुंकू लेऊन गेली," असं म्हणत होत्या. जिवंत होतीस तेव्हा तुझ्या अंगावर माझ्या जुन्या साड्यांचा एक ड्रेस चालला नाही ह्या लोकांना.

आज सकाळी पूजा आटोपून मी महेशला फोन लावला. "फोटो देते, पण आख्खा. डोक्यापासून पायापर्यंत."

"ड्रेसातला? चौकात? मावशी, येडी झालीस काय?"

"मग चेहरासुद्धा नाही."

तो म्हणाला, "आईपरास तुला त्यो ड्रेस मोठा झालाय. ऱ्हाऊ दे. आधार कार्डावरचा लावतो." फोन बंद.

दुपारी स्वातीचा आला. हळू बोलत होती, शाळेतूनच केला असावा. "मावशी, मला पाठवता? माझ्या मोबाईलवर. मी कापणार नाही." तिला पाठवला. ती तो कुणाला दाखवणार नाही, हे मला माहीत आहे. तरी पाठवला. तुझा चेहरा तुझ्या शरीरासकट त्या घरात कुठंतरी असू दे.

चौकात तू आधार कार्डावरची लागणार. पदर कपाळापर्यंत, तोंड मिटलेलं. महेशला त्यात आई दिसत असेल तर दिसू दे.

वर्षश्राद्धाला मी येणार आहे. आधीच्या दिवशी येऊन वडे-खिरीला हात लावणार. नैवेद्य दाखवायला उभी राहणार. पण पंगतीत कुणी म्हणालं ना, "काय करणार, देवानं नेली," तर मी वाढायचं थांबवून सांगणार, की आक्का चालत होती, तिला चालायचं थांबवलं, मग ती पडली. महेश समोर ताट घेऊन बसलेला असला तरी सांगणार. मग त्यानं मला दार बंद केलं तर करू दे. एवढं वचन घे माझं. देवाची पूजा मी रोज करते आक्का, तुझं मरण त्याच्या माथी मारू देणार नाही.

तुझी धाकटी,
शाली