व्याह्यांच्या मागं

ता. ४, सोम.
सोनी आता पालथी पडते. मान वर करून हसते, हुबेहूब माझ्या आईचं हसू! आणि मला नातीला उचलायची बंदी. हृदयाचं ऑपरेशन झालं ना. लेकीचं, ज्योतीचं, ऑफिस पुढल्या महिन्यात सुरू. दवाखान्यातल्या कसरतीच्या मॅडम म्हणल्या, दम सुधारला तरच बाळ तुमच्याकडं, नाहीतर पाळणाघर. पाळणाघर! मी वारज्यात लेकीपासून दोन गल्ल्यांवर बसलेली असताना! झोप कसली येतेय.

ता. ६, बुध.
दवाखान्यात चालायची तपासणी. सहा मिनिटांत किती अंतर होतं ते मोजतात. बोळ अरुंद, तरी दोघादोघांना एकदम सोडतात. माझ्या पुढं कोण, तर अण्णा! ज्योतीचे सासरे, शनिवार पेठेतले. त्यांच्याही हृदयात स्प्रिंग घातलीय. चालतात कसे, प्रदक्षिणा घातल्यासारखे. मी आपली मागं. मुलीकडची बाई व्याह्यांना मागं टाकील का? माझे पाय नुसते शिवशिवत होते.
मॅडमचं तोंड पडलं. "आजी, काहीच सुधारणा नाही. सोमवारी परत बघू." खरं सांगणार कसं, अण्णा समोरच पाणी पीत बसलेले.

ता. ८, शुक्र.
ज्योतीला सांगितलं, तर ओरडली. "आई, ती तपासणी आहे, वरात नाही!" मग पाळणाघर बघून आली. भिंतीवर ससे काढलेत म्हणे. सशांचं काय करायचंय मला. भाजी करपली आज.
दवाखान्यातनं फोन, आमची सेवा कशी वाटते? म्हणलं, पोरी गोड बोलतात, पंखा कुरकुरतो, आणि माणसं एकेकटी सोडा. "का हो आजी?" म्हणलं, असंच.

ता. ११, सोम.
पुन्हा दोघं एकदम! अण्णा पुढं. मधेच थांबून पंख्याकडं बघतात. माझ्या डोळ्यांपुढं सोनी. पदर खोचला, "येते हं अण्णा" म्हणलं, आणि गेले पुढं.
मागून आवाज, "विहीणबाई, बस सुटतेय का?"
मी वळलेच नाही. मग त्यांच्या चपला फटफट वाजायला लागल्या. मॅडम ओरडतायत, "अण्णा, हळू! शर्यत नाहीये ही!"
माझा दम सुधारलाय!! बाळाला मांडीवर घ्या म्हणल्या, फक्त घेताना खाली बसून. रिक्षावाल्यालासुद्धा सांगितलं मी.

ता. १२, मंगळ.
सकाळपासून पाळण्याची दोरी बांधतेय, सोडतेय. दुपटी दोनदा धुतली.
जावई आले सोनीला घेऊन, मान खाली. अण्णांचाही दम चांगला निघाला म्हणे, माझ्यामागं पळून पळून! आता ते म्हणतात, सोनी शनिवार पेठेत आमच्याकडंच राहील, आजोबा ठणठणीत आहेत. जावई भिंतीकडंच बघतात.
म्हणलं, अण्णांना इकडं बोलवा, समोरासमोर बोलू. निघालेत. चहा टाकलाय, बिनसाखरेचा.
सोनी मांडीवर झोपलीय. ते आले तरी मी उठायची नाही.