ताईसाठी पोकळ धनुष्य

३ मार्च, सकाळ
आजपासून आयुष्याला नवीन वळण. चहा पिताना ताई म्हणाली की आमच्या भाचीची बदली इथे झाली आहे, महिनाअखेर तिला खोली लागेल. खोली म्हणजे ही, जिथे बसून मी लिहितोय. धंदा बंद पडल्यावर चार दिवस हवापालट म्हणून ताईकडे आलो होतो, त्याला दोन वर्षं होतील. पण ताईच्या बोलण्यातली मेख मी लगेच ओळखली. मी जावं असं तिला वाटत नाही. मी काहीतरी करावं असं वाटतंय.

काय करायचं तेही सुचलं. ताई कॉलेजात तिरंदाजीची चॅम्पियन. खांद्याच्या ऑपरेशननंतर जुनं धनुष्य तिला ताणता येत नाही. हलकं चालेल, असं डॉक्टर म्हणालेत. ते मी स्वतःच्या हातांनी करणार. लाकडाचं, आणि पोकळ भुजांचं. इंटरनेटवर सगळं आहे. मुठीच्या वरची आणि खालची, दोन्ही भुजा आतल्या बाजूने, म्हणजे पोटाकडून, पन्हळीसारख्या कोरायच्या. वजन कमी, बाण जोरात. असं धनुष्य करून देणाऱ्या भावाला कोण घराबाहेर काढेल?

४ मार्च
सुताराकडे गेलो. तुतीची, सरळ रेषांची फळी मागितली. खिडकीला की कपाटाला, त्याने विचारलं. धनुष्याला म्हणालो. बरं म्हणाला आणि पॉलिश लागेल का विचारलं. फळी लिफ्टमध्ये मावेना. जिन्याने आणली. दोन मजल्यांवरचे बल्ब गेले. किरकोळ.

७ मार्च
बाहेरचा आकार तयार. जवळजवळ. डायनिंग टेबल कामाला उत्तम आहे. ताई हल्ली ओट्यापाशी उभ्याने जेवते. काही बोलत नाही. हा मूक पाठिंबा.
तळहाताला फोड. उद्या विश्रांती.

११ मार्च
विश्रांती आज संपली. कोरायला सुरुवात. गोल पटाशीने हळूहळू लाकूड काढत जायचं. अधूनमधून टेबलाचंही निघतं. ताईला दुधात भुसा सापडला. तिने तो चमच्याने काढून बशीत ठेवला आणि बशी माझ्यासमोर सरकवली.

१४ मार्च, दुपार
वरच्या भुजेतून उजेड दिसतोय.
पटाशी आरपार गेली. छोटंसं भोक. लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून बुजवलं. तो भाग आता उलट जास्त मजबूत झाला असणार.

जुन्या पार्टनरला फोन केला. सहजच, त्याच्याकडे एखादी खोली रिकामी आहे का म्हणून. त्याची बायको म्हणाली, अंघोळीला गेलेत. काल आणि परवाही अंघोळीलाच गेला होता. फार स्वच्छ माणूस.

१९ मार्च
भिंतीत हुक ठोकून धनुष्य आडवं टांगलं, दोरी खाली ओढून पाहिली. खालची भुजा छान वाकते. वरची ढिम्म. फेविकॉलचा गुण. वरची तासली. मग तीच जास्त वाकू लागली. मग खालची तासली. मग परत वरची. संध्याकाळी दोन्ही अगदी सारख्या. फक्त दोरी आता करंगळीने ओढता येते.
ताईच्या खांद्याला हेच हवं होतं. मी मुद्दामच केलं असंही म्हणता येईल.

२४ मार्च, सकाळ
भाचीचं सामान आलं. खोकी पॅसेजमध्ये. माझ्या दारासमोर. दार अर्धंच उघडतं. अंग चोरून बाहेर पडतो.
ताई पडद्यांचं माप घ्यायला आली. मी पलंगावर बसून धनुष्याची मूठ घासत होतो. पाय वर घे म्हणाली. घेतले.
पार्टनरचा नंबर आता लागतच नाही.
धनुष्य झालंच पाहिजे. दुसरं काही नाही माझ्याकडे.

२७ मार्च
ताईच्या तिरंदाजी क्लबच्या मैदानावर गेलो. ताईने धनुष्य हातात घेतलं, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. बुजवलेल्या भोकापाशी बोट थांबलं. हलकं आहे म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी उगाच लांब जाऊन उभा राहिलो.
तिने बाण लावला, दोरी ओढली. निम्मीही ओढली नसेल. आवाज मोठा नव्हता. टोस्ट मोडावा तसा. वरची भुजा दोरीला लोंबकळत राहिली. बाण तिच्या बुटावर पडला.
तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग धनुष्याकडे.
"तुला जायला जागा आहे ना?"
"आहे."
"कुठे?"
पार्टनरकडे, म्हणालो. तिने मान हलवली.
जागा नाही. लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

२९ मार्च
ताईने परस्पर क्लबच्या सेक्रेटरींशी बोलून टाकलंय. मैदानामागच्या सामानाच्या खोलीत राहायचं, गवतात गेलेले बाण शोधायचे, निशाणाचे कागद बदलायचे. थोडक्यात, निवासी व्यवस्थापक. ताईला माझ्याशिवाय करमणार नाही, म्हणून जवळच ठेवलंय.
पलंग लहान आहे. तिरका झोपतो.

५ एप्रिल, रविवार
ताई सकाळीच आली. पाठीला लांब पिशवी. तिने चेन उघडली. नवं धनुष्य, कारखान्याचं, हलकं, काळं. नवेपणाचा वास अजून गेला नव्हता.
केव्हा मागवलं, विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं त्याच दिवशी, म्हणाली. म्हणजे मी फळी आणायच्या आधीच.
मग मला बोलली का नाहीस, म्हटलं.
ती दोरी चढवत होती. वर न बघता म्हणाली, "तू कामात होतास. बऱ्याच वर्षांनी."
मी बाजूला झालो.
खांदा ठीक आहे तिचा. बरेचसे बाण निशाणात. उरलेले पलीकडच्या गवतात. मी गुडघ्यांवर बसून शोधून आणले. एक काही सापडेना. असू दे, ती म्हणाली.
ती गेल्यावर परत शोधला. नाही सापडला.