अर्धे पोट आणि पहिले पाणी

मु. भुरकीटोला, पो. धानोरा, जि. चांदा
आषाढ वद्य पंचमी, सन १९५८

चि. मुखरू यास देवाजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

'चिरंजीव' एवढे लिहिले आणि टाक तिथेच थबकला. हा आशीर्वाद हल्ली तुला जास्त हवा की मला, याचा नीट उलगडा होईना. पण तू माझा साळा, वयाने लहान, अहेरीच्या लाकूड डेपोवर सरकारी कारकून, तेव्हा रिवाजाप्रमाणे तुलाच दिला आहे. इकडे सर्व खुशाल. तुझी बहीण रुखमा खुशाल आहे (असे ती म्हणते). गाय व्याली. वाघ्या कुत्रा तर इतका खुशाल आहे की त्याला बसल्यावर उठवत नाही, आणि त्याच्या खुशालीचा या पत्राशी संबंध आहे, तो पुढे येईल. माझ्या प्रकृतीची तू मागच्या पत्रात तीन ठिकाणी चौकशी केलीस. पूर्वी तू तीन वर्षांत एकदा करत होतास. या पत्राचे कारण तेच आहे.

मुखरू, मी संशयी माणूस आहे असे तू लग्नापासून सांगत आलास. असेन. पण माणसे वाईट वागली तर मला त्याचा कधीच संशय येत नाही. वाईट वागणे हे गावाचे रोजचे काम आहे. सगळे गाव एकाच वेळी चांगले वागू लागले, तर कुठेतरी पाणी मुरते आहे हे कळायला व्हर्नाक्युलर फायनल पास व्हावे लागत नाही (मी झालो आहे; तू दोनदा बसलास). आणि हे पाणी मुरायला सुरुवात गेल्या साली माघात, नागपूरच्या इस्पितळात झाली, जिथे तू मला नेलेस.

तेव्हाचे तुला ठाऊकच आहे. चार घास खाल्ले की पोटात धोंडा ठेवल्यासारखे व्हायचे, रात्रीचे जेवण सकाळी जसेच्या तसे परत यायचे, आणि माझे धोतर मलाच दोन वेढे जास्त बसू लागले होते. वैद्याच्या पुड्या झाल्या, गावातल्या इसरूने जंगलातून आणलेली मुळी झाली, शेवटी तू आलास आणि बैलगाडी, मोटार, वैनगंगेचा डोंगा आणि ब्रह्मपुरीची ती छोटी आगगाडी असे सगळ्या वाहनांत मला कोंबून नागपूरला नेलेस. तिथे त्यांनी मला काय दिले? भिंतीला देतात तसले पांढरे, दाट कालवण, पेलाभर. चवही चुन्याची. ते प्यायला लावून एका काळोख्या खोलीत काचेसमोर उभे केले, आणि लाल चष्मा घातलेला एक डॉक्टर (अंधारात चष्मा, तोही लाल!) मला म्हणे, घोट घ्या, वळा, श्वास धरा. चुना पोटात कुठे अडतो ते त्याला काचेवर दिसते म्हणाला. मी तुला तेव्हाच म्हटले होते की जो माणूस अंधारात लाल चष्म्याने दुसऱ्याच्या पोटात बघतो त्याच्यापासून सावध राहावे. तू ऐकले नाहीस. पुढे त्यांनी तुझ्या डोळ्यांदेखत माझे अर्ध्याहून जास्त पोट कापून काढले, उरलेले आतड्याला शिवले आणि काढलेला भाग तपासायला म्हणून घेऊन गेले. शेळी कापली तरी कातडे धन्याला देतात. मला काहीच दिले नाही.

आणि दहा दिवसांनी तो संत्र्याचा प्रकार झाला. मोठ्या डॉक्टरांनी तुला दाराबाहेर बोलावले. तू पुष्कळ वेळाने आत आलास, भिंतीकडे बघत 'अल्सर होता भाऊजी, साधा अल्सर' म्हणालास, आणि खाली बसून मला संत्रे सोलून दिलेस. एकेक फोड. शिरा काढून. मुखरू, सव्वीस वर्षांत तू माझ्यासाठी भुईमुगाची शेंग फोडली नव्हतीस. लग्नात आमच्याकडून तुला मानाचे धोतर जाडेभरडे आले म्हणून तू प्रत्येक भेटीत, पाणी पिण्याआधी, त्या धोतराचा विषय काढतोस. त्या दिवसापासून आजतागायत तू धोतराचे नाव काढलेले नाहीस. मी तेव्हाच मनात खूणगाठ बांधली.

घरी आलो तर घरही फितूर. रुखमाचे तोंड तुला माहीत आहे. तुझ्याच आईचे आहे. ते बंद झाले. मी अंगणात थुंकलो तरी बोलेना, जास्त झोपलो तरी बोलेना. वर रोज खीर, शिरा, गुळाच्या पोळ्या. म्हणायची, "खाऊन घ्या ना जी, थोडीशीच हाये." आणि ती खीर पोटात गेली की पाव घटकेत मला दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. एकदा झाले, दोनदा झाले, तिसऱ्यांदा मी ती वाटी गुपचूप वाघ्यापुढे सरकवली आणि तो मरतो का ते बघत बसलो. तो मेला नाही. त्याने वाटी चाटून माझ्याकडे असे पाहिले की पुढचे वर्षभर मला ती रोज त्याला द्यावी लागली. म्हणजे विष नव्हते. मग करणी असेल, असा विचार केला. स्वतःच्या बायकोबद्दल असे लिहायला बरे वाटत नाही, पण तुझीही बहीण आहे, निम्मी लाज तू घे.

रुखमाने त्याच सुमारास भातही सोडला. भाताने मले पित्त होते म्हणाली आणि कोदोसारख्या हलक्या धान्याची भाकर खाऊ लागली. धानाच्या मुलखात जन्मलेल्या बाईला चाळिशी उलटल्यावर भाताचे पित्त! मला वाटले, माझ्या माघारी काहीतरी चांगलेचुंगले खात असेल. दोनदा चुलीमागे डोकावून पाहिले. खरेच कोदो होता.

पण सगळ्यांवर कडी केली लटारूने. तलावाच्या तोंडाशी त्याची धानाची बांधी, खाली माझी, आणि रोवणीच्या वेळी पहिले पाणी कोणी घ्यायचे यावरून आमचे उभे आयुष्य मधल्या बांधावर, त्या पाळीवर, भांडण्यात गेले. एकदा त्याने माझ्या पायावर फावडे टाकले, एकदा मी त्याला चिखलात बसवले. गेल्या आषाढात पाण्याची ओढ पडली. मी भांडायच्या तयारीने, कमरेला पंचा कसून पाळीवर गेलो, तर हा माझ्याकडे न बघता म्हणतो, "भाऊ, तुमच्या बांधीत जाऊ द्या आधी पानी. माहं काय, मी मंग घेईन." आणि स्वतःच्या हाताने माझ्या बाजूची माती काढली. त्याचे रोवायचे पऱ्हे पिवळे पडत होते, मुखरू. मी घरी आलो आणि मला जेवण गेले नाही. पहिल्यांदाच ते माझ्या पोटामुळे नव्हते.

मी हिशेब जुळवला. सणवार नसताना लेक कमळा सासरहून येऊन राहते. ग्रामपंचायतीचे लोक मला हाक मारून खुर्ची देतात. लटारू पाणी देतो. याचा अर्थ एकच: तुम्हा सगळ्यांचा डोळा माझ्या तलावाखालच्या बांधीवर आहे. मी खीर खाऊन, खुर्चीत बसून गाफील व्हावे आणि एखाद्या कागदावर अंगठा द्यावा (मी सही करतो, हेही तुम्ही विसरलात). या कटाचा मुख्य तू, कारण पहिले संत्रे तुझे.

तेव्हा मूळ ठिकाणी जाऊनच तपास करायचा ठरवला. त्यांनी माझ्यातून नेमके काय काढले आणि तुला दाराबाहेर काय दिले, हे बघायचे होते. वर्षाने दाखवायला या असे डॉक्टर म्हणाले होतेच; पण 'कशाला उगाच दगदग' असे तुझे पत्र, आणि तुझ्या बहिणीने तर गाडीचे जू लपवले. ज्येष्ठात, नदी भरायच्या आत, गोऱ्हा बघायला बाजाराला जातो सांगून निघालो आणि एकटा नागपूर गाठले. पुन्हा तोच चुना, तीच अंधारी खोली, तोच लाल चष्मा. या वेळी मी चष्मेवाल्याला सांगितले की माझ्या पोटात जे दिसेल ते मला सांगायचे, माझ्या साळ्याला नाही. तो हसला. मग मोठ्या डॉक्टरांनी आत बोलावले. ते काय म्हणाले ते असो. परत आलो, गोऱ्हा आणला नाही, रुखमाने त्याबद्दलही विचारले नाही.

यंदाही पाण्याची ओढ आहे, आणि काल लटारूने पुन्हा पहिले पाणी माझ्या बांधीत सोडले.

बाकी लिहिण्यासारखे काही नाही. मुलाबाळांस आशीर्वाद, आणि तुझ्या मंडळींस सांग की यंदा मोहाची फुले पाठवली ती गुरांसाठी होती, तुझ्यासाठी नाही.

तुझा भाऊजी,
देवाजी

ता. क. : डॉक्टर काय म्हणाले ते लिहायचे राहिले नाही, मी लिहीत नव्हतो. पण पोटात ठेवायला आता जागा कमी आहे. त्यांनी फोटो उजेडाला धरला आणि मान वर न करता म्हणाले, "तुमचा कॅन्सर होता तो सगळा निघालाय. आजच्या फोटोत काही नाही. लवकर सापडला, आजूबाजूच्या गाठीही स्वच्छ होत्या. हे मी तुमच्या मेहुण्याला तेव्हाच सांगितलं होतं." मुखरू, मला रोग असल्याचे आणि रोग नसल्याचे एका दमात कळले. आधी घाबरावे की आधी हसावे हे न कळून मी खुर्ची धरून बसलो. मग ते पुष्कळ बोलले. पूर्वी असा रोगी पोट पुरते बंद झाल्यावर यायचा आणि उघडून तसाच शिवावा लागायचा. आता या चुन्याच्या फोटोत वेळेवर दिसते, भूल सुधारली, रक्त चढवता येते, म्हणून एवढे कापूनही माणूस घरी जातो. आणि परदेशात तर या गाठी जिरवायची औषधेही करून पाहत आहेत. पुढची चार-पाच वर्षे येऊन दाखवत जा म्हणाले. खिरीचेही विचारले. पोट लहान झाले की गोड खाणे थेट खाली धावते आणि घाम सुटतो, तेव्हा गोड सोडा, थोडे थोडे सहा वेळा खा. करणी बिरणी काही नाही. तू दाराबाहेर 'कॅन्सर' हा पहिला शब्द ऐकलास आणि तुझे कान तिथेच मिटले. पुढचे वाक्य तू नागपुरातच टाकून आलास, आणि ते नसलेली बातमी गावाला वाटलीस. तुम्ही सगळे दीड वर्ष माझ्यापासून लपवत आहात की मी मरणार, आणि मी महिनाभर तुमच्यापासून लपवतो आहे की मी जगणार.

ता. क. २ : हे कोणाला बोलू नकोस. निदान रोवणी होईपर्यंत लटारूला तरी नको. मरणाऱ्याला पहिले पाणी मिळते, जगणाऱ्याला फावडे. एवढा एक हंगाम काढू दे.

ता. क. ३ : पाकीट चिकटवायला शिते मागितली तेव्हा मी कमळाला सहज थट्टेने म्हणालो की तुझ्या मायने भात सोडून आता डिंकापुरताही ठेवला नाही. तिला रडू फुटले. "मायने तुमच्यासाठी सोडला बाबा. मार्कंड्याच्या देवाले नवस बोलली हाये. तुमी तिले काही म्हणू नका." आणि मग तोंडावर पदर धरून आत पळाली. मी चुलीमागे दोनदा डोकावून पाहिले होते, मुखरू. दोन्ही वेळा रुखमाने मला पाहिले, आणि तीच कोदोची भाकर खात राहिली. मला फार वाईट वाटते आहे.

आता अडचण अशी की हे मी तिला सांगू शकत नाही. मी सांगितले तर तिला वाटेल की याला आजार कळला, आणि आता हाच आपल्याला धीर देतो आहे. मग ती कोदोही सोडेल. तू शपथेवर सांगितलेस तरी पटायचे नाही. तुझा त्या दिवशीचा चेहरा तिने वाचला आहे. तिला एकच गोष्ट पटेल: तुमचे पुन्हा पूर्वीसारखे वागणे. तेव्हा लटारूचे राहू दे, त्यालाही सांग, यंदा पहिले पाणी त्याचे आहे. फावडे घेऊन पाळीवर ये म्हणावे. आणि तू पत्र पोचताच मिळेल त्या मोटारीने निघ. तिच्या समोर बस, पाणीसुद्धा पिऊ नकोस, आणि आधी त्या धोतराचा विषय काढ.